मी हल्ली कॅफिन घेत नाही

१८९० साली पुण्यात चहा पिणं हे धाडसाचं काम होतं. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतला, कुणी नुसता कप हातात धरून बसलं. गोपाळराव जोशी या उपद्व्यापी गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. त्यांत रानडे होते, टिळक होते. ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसाला अखेर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. दोष चहाचा नव्हता, तो पुढे करणाऱ्या हातांचा होता, हे खरं. पण बदनाम झाला चहा.

आज त्याच पुण्यात ग्रामण्य व्हायचं झालं तर ते चहा न पिणाऱ्यावर होईल. प्रयोग करून बघा. संध्याकाळी कुणाकडे सहज म्हणून जा आणि यजमानीणबाई स्वयंपाकघराकडे वळल्या की तिथेच थांबवा.

"नको वहिनी, मी चहा सोडला."

"अगंबाई! मग कॉफी टाकते."

"कॉफीपण नको. मी हल्ली कॅफिनच घेत नाही."

"बरं, मग बोर्नव्हिटा?"

"त्यात कोको असतो. कोकोतही थोडं कॅफिन असतंच."

"दूध देऊ नुसतं?"

"दुधाने मला जड होतं."

"लिंबाचं सरबत?"

"साखर बंद आहे ना वहिनी."

"मग पाणी तरी घ्याल की नाही, भावजी?"

"चालेल की. कोमट असेल तर."

आता वहिनी पाणी कोमट करायला आत जातात आणि तिथे भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज येतो. तो आवाज तुमच्यासाठी असतो. तुम्ही गेल्यावर घरात अर्धा तास चर्चा होते की यांचं काही बिनसलंय का, गेल्या वेळचं काही मनात धरलंय का, डॉक्टरांनी काही सांगितलंय आणि हे लपवतायत का. आपल्याकडे भांडणाची तीव्रता चहावरच मोजतात. "त्यांच्याकडे मी चहालासुद्धा थांबलो नाही" म्हणजे संबंध संपले. "साधा चहासुद्धा विचारला नाही" म्हणजे ते तिकडूनही संपले. अशा समाजात कॅफिन सोडणं ही काही प्रकृतीची खासगी बाब राहत नाही.

गंमत म्हणजे ज्या कॉफीतलं कॅफिन सोडल्याची घोषणा होते, त्या कॉफीत ते होतं किती, हा वेगळाच प्रश्न आहे. मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी कारणपरत्वे. परीक्षेचं जागरण, आजारातून उठलेलं माणूस, रात्रीची गाडी पकडायची असेल तर, आणि उपास. कृती ठरलेली. कपभर साईचं दूध, दोन चमचे साखर, पाव चमचा कॉफी पावडर आणि वरून सहाणेवर उगाळलेलं नाहीतर किसणीवर किसलेलं जायफळ. पावडरच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आत चिकोरी आहे. आपल्या अन्नकायद्यानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली असता कामा नये. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालायला मुभा, आणि चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी, तिच्यात कॅफिन नावालाही नाही. पाव चमच्यातलं जवळपास अर्धं तिथेच गेलं. राहिलेलं जे काही जागं ठेवू पाहतं, त्याच्यावर जायफळ घातलेलं. आणि जायफळ आपल्याकडे देतात झोप येण्यासाठी! जागवणारं आणि झोपवणारं एकाच कपात घालून दोघांची आपसात मिटवून टाकायची आणि वर गोड दूध प्यायचं, ही मराठी कॉफी. हिच्यापासून मुक्ती मिळवण्यासाठी लोक निर्धार करतात.

खरी कॉफी प्यायची तर माटुंग्याला जावं. तिथे पितळी वाटी-पेला येतो, वर फेस असतो आणि डिकॉक्शन असं काही कडक असतं की पहिल्या घोटाला मराठी माणूस दचकतो आणि वेटरला हळूच विचारतो, "साखर मिळेल का जरा?"

कॅफिनचा शोधही एका कवीने लावायला लावला. १८१९ साली जर्मन महाकवी गटे याने रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हातावर कॉफीच्या बिया ठेवल्या आणि यात आहे तरी काय ते बघ म्हणाला. रुंगेने त्यातून कॅफिन वेगळं काढलं. ते नेमकं करतं काय, ते कळायला मात्र बराच काळ गेला. दिवसभर आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपापल्या जागांवर जाऊन बसलं की माणसाला पेंग येते. कॅफिन काय करतं, तर एसटी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून त्या जागा धरून ठेवतं. अडेनोसिन आत येतं तर सगळीकडे रुमाल. बिचारं दांड्याला धरून उभं राहतं आणि आपल्याला वाटतं, काय तरतरी आली! पण मेंदूही काही कच्चा नाही. रोजच रुमाल पडायला लागले की तो बाकडी वाढवतो. म्हणून मग एका कपाचे दोन होतात. आणि एखाद्या सोमवारी आपण एकदम बाणेदारपणे कॅफिन बंद केलं, की वाढवलेल्या सगळ्या बाकड्यांवर अडेनोसिन मुलाबाळांसकट येऊन बसतं. तेव्हा जे डोकं दुखतं, ते डोकं दुखणं निराळंच.

ही डोकेदुखी शेवटचा कप घेतल्यापासून साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होते, एक-दोन दिवसांत कळस गाठते आणि पूर्ण जायला आठ-नऊ दिवसही घेते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या आजारांच्या अधिकृत ग्रंथात कॅफिन सुटल्यावरच्या या अवस्थेला स्वतंत्र जागा दिली. लक्षणं अशी: डोकेदुखी, थकवा, चिडचिड, मन न लागणं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी निवृत्तीनंतर चहा सोडला तेव्हा ही सगळी लक्षणं दिसली, फक्त ती काकूंच्यात दिसली. काका म्हणायचे, "मला काही होत नाहीये, तूच उगाच आवाज चढवतेयस." तिसऱ्या दिवशी काकांनी डोकेदुखीची गोळी घेतली आणि तासाभरात त्यांना एकदम प्रसन्न वाटू लागलं. गोळीचा गुण म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटले. काकूंनी चष्मा लावून गोळीच्या पाकिटावरचं वाचलं. पॅरासिटामॉलच्या खाली लिहिलं होतं: कॅफिन, ५० मिलीग्रॅम. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ते घातलेलं असतंच, कारण त्याने औषधाचा गुण लवकर येतो. काकूंनी काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते कपभर चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे काकांची ती गोळी हिशेबाने एक कप चहाच होती, फक्त बिनआल्याची.

काही जण चहा सोडून ग्रीन टी धरतात. धरोत बापडे. पण ग्रीन टी हीसुद्धा त्याच झुडपाची पानं. कॅफिन तिच्यातही आहे, चव तेवढी नाही. कॅफिन खरोखरच नको असेल तर आपला परसातला गवती चहा आहे, त्यात ते अजिबात नसतं. पण तो फुकट मिळतो, त्याला दोऱ्याला बांधलेली पिशवी नसते, त्यामुळे त्याने प्रकृती सुधारते यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

एवढ्यावर थांबलं तरी चाललं असतं. पण कॅफिन सोडणारा माणूस सहसा एकटं कॅफिन सोडत नाही. त्याच सोमवारी तो उपासही धरतो. देवाचा नव्हे, तब्येतीचा. यात दोन मोठे संप्रदाय महाराष्ट्रात नांदून गेले. पहिला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभं राहिलेलं त्यांचं सांगणं साधं होतं: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा आणि चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगत होत्या की थोडं थोडं खा, वेळच्या वेळी खा, आजी खायची ते खा, तूप खा आणि दिवसाची सुरुवात चहाने न करता केळ्याने किंवा भिजवलेल्या बदामांनी करा. दोघांचंही म्हणणं समजायला सोपं. पण आपण समजून घेण्यापेक्षा बाजू घेण्यात वाकबगार. काही वर्षं तर लग्नाच्या पंगतीत शेजारी कुठल्या गटाचा हे विचारल्याशिवाय वाढप्यालाही पुढे सरकता येत नसे. एक पानावर बसल्याबरोबर घड्याळ लावणार. पहिल्या मिनिटाला पहिली पुरी, चोपन्नाव्या मिनिटाला शेवटचा गुलाबजाम, आणि मधल्या वेळात कमी खायचं असतं हे कुठे लिहिलंय, असा सवाल. दुसरा दर दोन तासांनी पिशवीतून चिक्की काढणार. दोघांनी एकमेकांकडे करुणेने बघायचं.

त्यानंतर आलं इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे सोळा तास उपाशी आणि आठ तास खाणं. तरुण मंडळी याला नुसतं 'आयएफ' म्हणतात. आजीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणते, "म्हणजे रात्री लवकर जेवायचं आणि सकाळी न्याहारी करायची नाही. मग त्याला मोबाइल कशाला लागतो?" मोबाइल लागतो, कारण उपास चालू असल्याचा आकडा त्यावर दिसतो आणि तो इतरांना दाखवता येतो. या उपासात एक गोष्ट चालते: कोरी कॉफी. बिनदुधाची, बिनसाखरेची. काल-परवापर्यंत जो मुलगा आईजवळ "कॉफीत साखर कमी पडलीय" म्हणून रुसत होता, तो आता सकाळी गॅलरीत उभा राहून काढ्यासारखी काळी कॉफी पितो आणि तोंड वाकडं न करण्याचा सराव करतो. कुणी त्यात तूप घालून पितं. ती लोण्याची कॉफी परदेशातून आली, इथे येईपर्यंत लोण्याचं तूप झालं. आजीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तूप भातावर नको म्हणतो आणि कॉफीत घालतो!"

या सगळ्याला आधार म्हणून एक नाव हमखास पुढे येतं: जपानचे योशिनोरी ओसुमी. पेशी स्वतःतला कचरा कसा मोडीत काढतात, या प्रक्रियेवरच्या संशोधनासाठी त्यांना २०१६ साली नोबेल मिळालं. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सॲपवर 'एकादशीला नोबेल' अशा थाटाचे निरोप फिरतायत. त्यात एवढंच सांगायचं राहून जातं की ओसुमींनी आपलं मूळ काम यीस्टवर केलं. त्या यीस्टला उपाशी ठेवलं तेव्हा ते खरोखर उपाशी राहिलं. त्याला साबुदाणा वडा मिळाला नव्हता.

बरं, नुसतं घड्याळ लावून वजन किती उतरतं? चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२२ साली छापून आला. सगळ्यांचंच खाणं मोजूनमापून कमी केलेलं. त्यांतल्या निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांनी कधीही. वर्षाअखेर दोन्ही गटांचं वजन उतरलं आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. थोडक्यात, कमी खाल्लं त्याचं वजन कमी झालं. आजीने हे संशोधन न करताच सांगितलं असतं, पण तिचं कोण छापतो?

आणि आपला मूळचा उपास? त्याचं तर काय वर्णन करावं! एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी आपल्याबद्दल म्हणून ठेवलंय. आपल्या उपासाचं सगळं शास्त्र एका प्रश्नात मावतं: "हे उपासाला चालतं का?" शेतात पिकणारा तांदूळ चालत नाही, वरीचे तांदूळ चालतात. गहू चालत नाही, राजगिरा चालतो. कोथिंबीर एका घरी चालते, त्याच जिन्यावरच्या दुसऱ्या घरी ऐकूनच कानांवर हात. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे उतरलेली. ज्या ऋषींनी उपासाचे नियम घातले त्यांनी यातलं एकही पाहिलेलं नव्हतं, म्हणून एकालाही मनाई केली नाही. कायद्यात नाव नसलं की माणूस सुटतो, तशी साबुदाण्याची खिचडी सुटली.

चहाचं त्याहून सोपं. तोही शास्त्रात नाही. आसामात चहाचे मळे लागले ते १८३० नंतर, आणि सामान्य भारतीय माणूस चहा प्यायला लागला तो विसाव्या शतकात. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत लोकांना चहा प्यायला शिकवलं गेलं. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान् पिढ्यांची सवय म्हणतो ती खरं तर एक उत्तम जाहिरात होती. तरी उपासाला चहा चालतो का, हा प्रश्न मी अजून कुणाच्या घरी ऐकलेला नाही. काकडी चालते का यावर दोन बहिणींनी अबोला धरलेला पाहिलाय, पण चहाबद्दल सगळ्यांचं एकमत. कारण उघड आहे. चालतं-न-चालतं ठरवणारी जी घरातली थोरली बाई, ती पहाटे उठल्यावर आधी चहा घेते आणि मग ठरवायला बसते.

इथेच तब्येतीच्या उपासाचं आणि देवाच्या उपासाचं नातं दिसतं. कोरी कॉफी 'आयएफ'ला चालते, पातळ ताक आणि बिनसाखरेचा चहा दीक्षितांना चालतो, खजूर अमक्याला चालतो. गुरू बदलले, पोथी बदलली, प्रश्न तोच राहिला. आपण काही सोडायला बसतच नाही, काय चालतं त्याची यादी मागायला बसतो. यादी लांब असेल तो उपास चांगला.

२०२४ साली हैदराबादच्या त्या पोषण संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला ३०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको आणि जेवणाच्या आधी एक तास व नंतर एक तास चहा-कॉफी नको, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सल्ला रास्त आहे, आपल्याकडच्या बायकांच्या अंगातलं लोह पाहता तर फारच रास्त. पण तो पाळायला बसलं की वेळापत्रक असं होतं: सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी चहा नको, पित्त होतं. न्याहारी नऊला संपली तर दहापर्यंत नको. एकला जेवण, म्हणून बारानंतर नको. जेवण पावणेदोनला आटोपलं तर पावणेतीनपर्यंत नको. शरीरात शिरलेलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री झोप हवी असेल तर चार-साडेचारनंतर नको. राहिली ती सकाळी दहा ते बारा आणि दुपारी पावणेतीन ते साडेचार. दाते पंचांगात राहुकाळाच्या शेजारी चहाकाळ छापायला एक रकाना सहज निघेल.

तर ज्यांना खरोखरच सोडायचंय त्यांच्यासाठी. एकदम सोडू नका. दर तीन-चार दिवसांनी पाव कप कमी करत जा, म्हणजे डोकं दुखत नाही आणि घरचेही टिकतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाचं पुतण्याला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरली तर ती यीस्टला नव्हे, तुम्हाला उतरते. कुणाकडे जाणार असाल तर आधी फोन करून काय चालतं ते सांगा, वहिनींचा जीव टांगणीला लावू नका. आणि सोडून झाल्यावर, कृपा करून, समोरच्याच्या कपात किती मिलीग्रॅम आहे ते त्याला सांगू नका. त्याला तो चहा गरम असतानाच प्यायचाय.